अमेरिकेतल्या विद्यापीठांना परीक्षेचे गुण कधी पाठवायचे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑगस्ट उजाडला की हे प्रश्न यायला लागतात आणि जानेवारी सरेपर्यंत थांबत नाहीत. पदवीसाठी सॅट किंवा एसीटी देणारी मुलं, मास्टर्स-पीएचडीसाठी जीआरई देणारे, एमबीएसाठी जीमॅट देणारे आणि त्यांचे पालक, सगळ्यांची काळजी एकच: गुण वेळेत पोचतील ना? उत्तरं सोप्याकडून अवघडाकडे लावली आहेत. घाईत असाल तर निदान प्रश्न २ तरी वाचा, कारण पुढची बरीच उत्तरं त्याच्यावर उभी आहेत.

१. मी अर्जात माझे गुण भरले आहेत. मग परत "पाठवायचे" म्हणजे काय?

अर्जात तुम्ही स्वतः भरता ते सेल्फ-रिपोर्टेड गुण. परीक्षा घेणारी संस्था तुमच्या सांगण्यावरून थेट विद्यापीठाकडे पाठवते तो ऑफिशियल रिपोर्ट. सॅटसाठी ही संस्था कॉलेज बोर्ड, जीआरई आणि टोफेल (इंग्रजीची परीक्षा) यांच्यासाठी ईटीएस. तुम्ही डाउनलोड केलेली पीडीएफ पोर्टलवर चढवली किंवा ईमेलने पाठवली, तरी ती ऑफिशियल ठरत नाही.

पदवीच्या प्रवेशात आता बरीच विद्यापीठं अर्ज तपासताना सेल्फ-रिपोर्टेड गुणांवर काम चालवतात. एमआयटी, येल, डार्टमथ ही त्यांतली ठळक नावं. प्रवेश मिळून तुम्ही तो स्वीकारला की मग ऑफिशियल रिपोर्ट मागतात. त्यामुळे दहा ठिकाणी अर्ज करणाऱ्याला दहा रिपोर्टचे पैसे भरावे लागतीलच असं नाही. सॅटचा एक जादा रिपोर्ट सुमारे १५ डॉलरचा, जीआरईचा त्याच्या दुपटीहून जास्त. दहाने गुणून बघा आणि मगच "सगळीकडे पाठवून टाकू" असं ठरवा.

२. सगळ्यात आधी काय तपासायचं?

डेडलाइन म्हटलं की आपण एकच तारीख धरून बसतो, आणि बहुतेक गोंधळ तिथेच सुरू होतो. खरं तर तारखा तीन असतात. पहिली, परीक्षा कोणत्या तारखेपर्यंत दिलेली चालेल. दुसरी, रिपोर्ट पाठवायची मागणी कधीपर्यंत नोंदवायची. तिसरी, रिपोर्ट विद्यापीठाच्या हातात कधीपर्यंत पडायला हवा. काही विद्यापीठं फक्त पहिली तारीख मोजतात: परीक्षा मुदतीत दिली असेल तर गुण नंतर आले तरी चालतात. काही तिसरीवर अडून बसतात. दोन विद्यापीठांची अर्जाची मुदत एकाच दिवशी असली, तरी गुणांचा नियम एक असेलच असं नाही.

म्हणून प्रत्येक विद्यापीठाच्या प्रवेश विभागाच्या पानावर जा आणि या तीन तारखा एका कागदावर उतरवून घ्या. मास्टर्स किंवा पीएचडी असेल तर विद्यापीठाचं पान पुरत नाही, विभागाचंही पान उघडा. एकाच विद्यापीठात एक विभाग जीआरई मागतो आणि शेजारचा विभाग ती बघतही नाही, हे सर्रास आहे. पानावर स्पष्ट लिहिलं नसेल तर ईमेल करा. प्रश्न विचारला म्हणून कोणाचा अर्ज मागे पडत नाही.

३. आता परीक्षा ऐच्छिक झाल्यात ना? मग गुण लागतात कुठे?

२०२० नंतर बहुतेकांनी अट काढली होती, पण आता अनेक नामवंत ठिकाणी ती परत आली आहे. एमआयटीने २०२२ मध्ये सुरुवात केली. डार्टमथ, ब्राउन, हार्वर्ड आणि कॅलटेक यांनी २०२४ मध्ये अट परत आणण्याचं जाहीर केलं. येलने त्याच वर्षी थोडा वेगळा मार्ग काढला: गुण लागतातच, पण सॅट-एसीटीऐवजी एपी (शाळेत असतानाच द्यायच्या पदवी पातळीच्या परीक्षा) किंवा आयबी (आंतरराष्ट्रीय शालेय अभ्यासक्रम) यांचे गुणही चालतात. कॉर्नेल आणि स्टॅनफर्ड २०२६ च्या प्रवेशापासून मागतात. फ्लोरिडातली सरकारी विद्यापीठं आणि जॉर्जिया टेक इथेही गुण द्यावे लागतात.

दुसऱ्या टोकाला युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया आहे. बर्कली, लॉस एंजेलिस, सॅन डिएगो धरून तिच्या कोणत्याही कॅम्पसमध्ये पदवीच्या प्रवेशासाठी सॅट-एसीटी बघितलीच जात नाही. पाठवली तरी प्रवेशाच्या निर्णयात तिचा विचार होत नाही. तिथे निर्णयासाठी म्हणून रिपोर्ट पाठवणं म्हणजे पैसे वाया. कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीचंही तसंच.

मोठ्या भावाबहिणीच्या वेळचा नियम धरून चालू नका. गेल्या काही वर्षांत उलटापालट झाली आहे.

४. विद्यापीठ टेस्ट-ऑप्शनल आहे, म्हणजे गुण पाठवणं ऐच्छिक. माझे गुण बरे आहेत, फार चांगले नाहीत. पाठवू का?

विद्यापीठाच्या नावासोबत "कॉमन डेटा सेट" शोधा. त्यात प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांच्या गुणांचा मधला पट्टा दिलेला असतो, म्हणजे २५ व्या आणि ७५ व्या पर्सेंटाइलचे आकडे. तुमचे गुण पट्ट्याच्या मध्याच्या वर असतील तर नक्की पाठवा. खालच्या टोकापेक्षा कमी असतील तर सहसा नको. मध्ये कुठेतरी असतील तर तुमच्या बाकीच्या अर्जाकडे बघा.

एक सावधगिरी. टेस्ट-ऑप्शनल ठिकाणी चांगले गुण मिळालेलेच आपले गुण पाठवतात, त्यामुळे हा पट्टा खऱ्यापेक्षा वर सरकलेला असतो. १५०० चा आकडा बघून १४६० वाल्याने लगेच हार मानू नये. इंजिनिअरिंगला अर्ज असेल तर गणिताचा आकडा वेगळा काढून बघा, तो एकूण बेरजेपेक्षा जास्त बोलतो. आणि विद्यापीठ गुणांवर आधारित शिष्यवृत्ती देत असेल, तर प्रवेशासाठी ऐच्छिक असलेले गुण शिष्यवृत्तीसाठी सक्तीचे असू शकतात. तिची मुदतही अनेकदा आधी संपते.

५. सॅटसोबत चार मोफत रिपोर्ट मिळतात. निकाल न बघताच ते वापरून टाकू का?

हे चार रिपोर्ट परीक्षेनंतर नऊ दिवसांपर्यंतच मोफत असतात आणि निकाल यायला साधारण दोन आठवडे लागतात. म्हणजे मोफत हवे असतील तर गुण न बघता पाठवावे लागणार.

माझं मत स्पष्ट आहे: पहिलाच प्रयत्न असेल तर मोह टाळा. चौघांचे मिळून साठेक डॉलर वाचवण्यासाठी न पाहिलेला आकडा कुणाच्या हाती देऊ नये. विद्यापीठ सेल्फ-रिपोर्टेड गुण घेत असेल तर ते पैसे आत्ता जाणारच नव्हते. मात्र तिसरा प्रयत्न आहे, सराव परीक्षांतले गुण स्थिर आहेत, किंवा त्या विद्यापीठाला सगळेच प्रयत्न दाखवावे लागणार आहेत (प्रश्न १० पाहा), तर मोफत रिपोर्ट जरूर वापरा.

६. जीआरई आणि जीमॅटचे मोफत रिपोर्ट कसे चालतात?

जीआरईला परीक्षेच्या दिवशीच चार ठिकाणं निवडता येतात. परीक्षा संपल्यावर गुण ठेवायचे की रद्द करायचे हे विचारतात. ठेवायचे म्हटलं की व्हर्बल आणि क्वांटचे अनधिकृत गुण समोर येतात. लेखनाचे गुण मागाहून, पूर्ण निकालासोबत, साधारण ८ ते १० दिवसांत मिळतात. म्हणजे सॅटसारखं डोळे मिटून ठरवावं लागत नाही. पण त्या दिवशी निवड केली नाही तर मोफत संधी गेली, नंतर प्रत्येक रिपोर्टचे पैसे.

म्हणून परीक्षेला जाण्यापूर्वी चार नावं पक्की करून, विद्यापीठ आणि विभाग नीट पाठ करून जा. दोन तासांच्या परीक्षेने थकलेल्या डोक्याने स्क्रीनवर नावं शोधताना चुका होतात. माझ्या स्वतःच्या वेळी मी एका विद्यापीठाचा दुसराच कॅम्पस निवडला होता. नाव जवळपास तेच, शहर वेगळं. पैसे भरून रिपोर्ट पुन्हा पाठवावा लागला, आणि तो पोचेपर्यंतचे दिवस काढणं त्या पैशांपेक्षा जड गेलं.

जीमॅटची पद्धत सगळ्यांत मोकळी आहे. अधिकृत निकाल आल्यापासून ४८ तासांत पाच ठिकाणी मोफत पाठवता येतो. पूर्ण निकाल बघून निवांत ठरवा, फक्त ४८ तास मोजत राहा.

७. टोफेल, आयल्ट्स, पीटीई, ड्युओलिंगो यांचं काय?

टोफेलला चार मोफत ठिकाणं परीक्षेच्या आदल्या दिवशी रात्री १० वाजेपर्यंत निवडायची असतात, म्हणजे परीक्षा द्यायच्याही आधी. इथे मात्र मी आधीच निवडा म्हणेन. इंग्रजीच्या परीक्षेत बहुतेक विद्यापीठं किमान गुणांची रेषा ओलांडली की नाही एवढंच बघतात, आणि कमी पडलात तर पुन्हा देऊन नवे गुण पाठवता येतात. जानेवारी २०२६ पासून टोफेलची गुणपट्टी १ ते ६ अशी बदलली आहे. संक्रमणाच्या दोन वर्षांत १२० पैकीचा तुलनात्मक आकडाही रिपोर्टवर असतो. विद्यापीठाच्या पानावर अजून "किमान १००" असं दिसलं तर गोंधळू नका.

आयल्ट्समध्ये विद्यापीठ इलेक्ट्रॉनिक पद्धतीने गुण घेतं की कागदी, हे आधी विचारा. पीटीई आणि ड्युओलिंगोचे गुण हव्या तितक्या ठिकाणी मोफत पाठवता येतात, तिथे फक्त विद्यापीठ ती परीक्षा मानतं का एवढं बघा.

८. १ नोव्हेंबरची अर्ली (नेहमीच्या, म्हणजे रेग्युलर फेरीच्या आधीची) डेडलाइन आहे. शेवटची कोणती परीक्षा चालेल?

ऑगस्टची सॅट निर्धास्त. ऑक्टोबरची बहुतेक ठिकाणी चालते. नोव्हेंबरची परीक्षा काही विद्यापीठं अर्लीसाठीही धरतात, पण हे गृहीत धरायचं नाही, त्यांच्या पानावर लेखी असलं तरच. कॉमन अ‍ॅपमध्ये (अनेक विद्यापीठांना पदवीसाठी एकत्र अर्ज करायचं संकेतस्थळ) पुढे द्यायच्या परीक्षेची तारीख भरायची जागा असते, ती रिकामी ठेवू नका. तुमचे आणखी गुण येणार आहेत हे तपासणाऱ्याला तिथूनच कळतं.

ऑक्टोबरवर सगळी भिस्त ठेवू नये असं मी प्रत्येकाला सांगतो. त्या दिवशी ताप आला किंवा केंद्रावर तांत्रिक बिघाड झाला, तर हातात दुसरं काही उरत नाही.

९. डिसेंबरच्या सॅटचे गुण जानेवारीच्या डेडलाइनला पोचतील का? "रश" घेऊ का?

डिसेंबरची सॅट महिन्याच्या सुरुवातीला असते, निकाल महिन्याच्या उत्तरार्धात. १ किंवा ५ जानेवारीच्या रेग्युलर मुदतीसाठी अनेक विद्यापीठं ती चालवून घेतात.

रशबद्दल एक गैरसमज पसरलेला आहे. जादा पैसे भरून रिपोर्ट लवकर निघतो, एवढंच. विद्यापीठाच्या दारात पोचल्यावर तो तुमच्या फाइलला जोडण्याचं काम तिथले लोक त्यांच्या वेळापत्रकाने करतात, आणि डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात बहुतेक कार्यालयं बंद असतात. काही विद्यापीठं तर रश पाठवू नका असंच सांगतात. आधी सेल्फ-रिपोर्टची सोय आहे का ते बघा, बहुधा तिथेच प्रश्न मिटतो.

१०. तीनदा परीक्षा दिली. तिन्ही वेळचे गुण दाखवावे लागतील का?

सहसा नाही. सॅटमध्ये स्कोअर चॉइसने आणि जीआरईत स्कोअरसिलेक्टने हव्या त्या तारखेचे गुण पाठवता येतात. जीआरईत परीक्षेच्या दिवशी "सर्वांत अलीकडचे" किंवा "सगळे" एवढेच पर्याय असतात. जुन्यांतले नेमके निवडून पाठवायचे तर ते नंतर, पैसे भरून.

पण विद्यापीठाचा नियम या सोयींच्या वर असतो. जॉर्जटाउन सगळ्या प्रयत्नांचे गुण मागतं. तिथे एखादी तारीख गाळणं म्हणजे अर्जात खोटं सांगणं, त्या वाटेला जाऊ नका.

सुपरस्कोअर करणारी विद्यापीठं वेगवेगळ्या तारखांचे सर्वोत्तम विभाग एकत्र धरतात. समजा मार्चमध्ये गणित ७८० आणि इंग्रजी ६५०, ऑगस्टमध्ये गणित ७४० आणि इंग्रजी ७१०. सुपरस्कोअर होईल १४९०, जो तुम्हाला एकाही दिवशी मिळालेला नव्हता. अशा ठिकाणी दोन्ही तारखा पाठवा. एकच पाठवली तर नुकसान तुमचं. जीआरईचा सुपरस्कोअर मात्र सहसा करत नाहीत.

११. अर्ज अजून भरलेला नाही. गुण आधी पाठवले तर हरवतील का?

नाही. विद्यापीठ ते ठेवून घेतं आणि अर्ज आला की नाव, जन्मतारीख, ईमेल यांवरून जुळवतं. उलट क्रमही चालतो. फक्त अर्जात आणि परीक्षेच्या खात्यात ईमेल एकच ठेवा.

१२. तीन आठवडे झाले, पोर्टलवर अजून "मिळाले नाही" दिसतंय. काय करू?

आधी परीक्षा संस्थेच्या खात्यात जाऊन रिपोर्ट खरंच निघाला का आणि कोणत्या तारखेला ते बघा. निघून दोन आठवडे झाले नसतील तर थांबा. झाले असतील तर प्रवेश विभागाला एकच नेटका ईमेल: पूर्ण नाव, जन्मतारीख, अर्ज क्रमांक, परीक्षेची तारीख, नोंदणी क्रमांक, रिपोर्ट पाठवल्याची तारीख. रोज एक स्मरणपत्र धाडू नका. बहुतेक वेळा रिपोर्ट पोचलेला असतो, जुळलेला नसतो. कारण पुढच्या प्रश्नात.

१३. पासपोर्टवर नावात वडिलांचं नाव आहे, अर्जात मी फक्त नाव आणि आडनाव लिहिलं. अडचण येईल का?

येते, आणि मराठी मुलांना ती हमखास येते. पासपोर्टवर "दिलेलं नाव" या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकत्र, आडनाव वेगळं. परीक्षेची नोंदणी पासपोर्टप्रमाणे करावी लागते, आणि अर्ज भरताना मात्र मुलं रोजच्या वापरातलं सुटसुटीत नाव लिहितात. संगणकासाठी ती दोन माणसं. ज्यांच्या पासपोर्टवर आडनावाचा रकानाच रिकामा आहे, त्यांची फाइल तर आणखी भरकटते.

उपाय एकच: पासपोर्ट समोर ठेवून सगळीकडे तेच, त्याच क्रमाने, त्याच स्पेलिंगने लिहा. अर्ज आधीच गेला असेल तर प्रवेश विभागाला कळवा की ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत. ते हाताने जोडून देतात, त्यांना याची सवय आहे.

१४. माझे गुण जुने आहेत. अजून चालतील?

जीआरई आणि जीमॅट परीक्षेच्या तारखेपासून पाच वर्षं, टोफेल, आयल्ट्स, पीटीई आणि ड्युओलिंगो दोन वर्षं. टोफेलसारख्या परीक्षेत मुदत संपली की संस्था रिपोर्ट पाठवतच नाही, त्यामुळे विनंती करून उपयोग नसतो.

फसगत होते ती काठावर. समजा टोफेल २० ऑक्टोबर २०२४ ला दिली आणि अर्जाची मुदत १५ डिसेंबर २०२६. वर्षं मोजली तर दोनच, पण गुण ऑक्टोबरमध्येच संपले. काही विद्यापीठं अर्जाच्या दिवशी गुण वैध असावेत म्हणतात, काही सत्र सुरू होण्याच्या दिवशी. नोकरी करून दोन-तीन वर्षांनी शिकायला जाणाऱ्यांनी हे सगळ्यात आधी तपासावं.

१५. अर्ज पाठवून झाला आणि नंतर जास्त गुण मिळाले. आता?

कॉमन अ‍ॅपमध्ये एकदा पाठवलेला अर्ज त्या विद्यापीठापुरता बदलता येत नाही. नवे गुण त्या विद्यापीठाच्या पोर्टलवरून भरा, किंवा ऑफिशियल रिपोर्ट पाठवा. विद्यापीठाने त्या तारखेची परीक्षा स्वीकारणार म्हटलेलं असेल तर ते धरले जातात. अर्लीचा निर्णय पुढे ढकलून रेग्युलरमध्ये टाकला असेल, तर डिसेंबरचे वाढलेले गुण पाठवणं फार उपयोगाचं ठरतं. जे अजून विचार करतायत त्यांच्या हाती तुम्ही नवं काहीतरी देता.

१६. डेडलाइनच्या दिवशी रात्री ११:५९ म्हणजे कुठली रात्र?

कॉमन अ‍ॅपसाठी तुमच्या स्थानिक वेळेची. मास्टर्स-पीएचडीच्या पोर्टलवर अनेकदा अमेरिकेच्या पूर्व किंवा पश्चिम किनाऱ्याची वेळ असते, ती बघून घ्या. ही वेळ अर्जाची, गुणांसाठी प्रश्न २ मधल्या तीन तारखा बघा.

१७. प्रवेश मिळाला. आता ऑफिशियल रिपोर्ट कधी?

प्रवेश स्वीकारल्यावर लगेच. पदवीसाठी स्वीकारायची मुदत बहुधा १ मे असते, त्यानंतर ऑफिशियल गुण आणि अंतिम गुणपत्रिकेसाठी वेगळी तारीख मिळते. सेल्फ-रिपोर्टेड आकडा आणि ऑफिशियल आकडा जुळला नाही तर प्रवेश रद्द होऊ शकतो. भरताना नजरचुकीने आकडा चुकला असेल तर त्यांनी पकडण्याआधी तुम्हीच कळवा.

१८. परीक्षा वेळेत दिली, पण माझा निकाल "तपासणीसाठी" रोखून धरलाय. मुदत दोन दिवसांवर आहे.

दरवर्षी काही जणांवर ही वेळ येते. निकाल रोखला म्हणजे आरोप सिद्ध झाला असं नाही. ओळखपत्रातल्या फरकासारख्या साध्या कारणानेही तो थांबतो. परीक्षा संस्थेने काही कागद मागितले असतील तर त्याच दिवशी द्या.

अर्ज मात्र थांबवू नका, तो वेळेत पाठवा. मुदत संपण्याच्या आधी प्रवेश विभागाला लिहा की अमुक तारखेला परीक्षा दिली आहे, निकाल यायचा आहे, आणि सोबत नोंदणीचा पुरावा जोडा. आधीच्या एखाद्या प्रयत्नाचे बरे गुण असतील तर तेही आत्ताच द्या, म्हणजे फाइल अपुरी म्हणून बाजूला पडणार नाही. मुदतीनंतर सांगितलेलं कारण आणि मुदतीआधी सांगितलेलं कारण यांच्याकडे ते वेगळ्या नजरेने बघतात.